हौशीचे डोहाळे

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो लोखंडी खलबत्त्याच्या आवाजानं. अव्वा, म्हणजे माझी आई, आंघोळ आणि लिंगपूजा उरकून पदर खोचायची आणि भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून कुटायला बसायची. आधी कोरडा, मोकळा आवाज यायचा, मग तो हळूहळू जड व्हायचा आणि शेंगदाण्याला तेल सुटलं की नुसता चपचप असा यायचा. अंथरुणात पडल्या पडल्या मला आवाजावरून कळायचं की चटणी कुठवर आली आहे आणि आपल्याला अजून किती लोळता येईल. उमरग्यात हायवेच्या कडेनं जे ढाबे होते तिथं सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले जेवायला थांबायचे, भाकरीबरोबर आमची चटणी खायचे आणि जाताना दोन-चार पुडे बरोबर न्यायचे. आप्पा, माझे वडील, रोज सायकलच्या मागं पत्र्याचा डबा बांधून पुडे पोचवायचे. घराला, अंगावरच्या कपड्यांना, माझ्या वह्यांनासुद्धा भाजलेल्या शेंगदाण्याचा वास यायचा. वर्गातल्या मुली मला 'चटणी' म्हणायच्या. मी चिडायचे, पण मधल्या सुट्टीत त्यांच्या उड्या माझ्याच डब्यावर पडायच्या.

आधी पुडे कागदाचे असत. त्यातून तेल झिरपायचं आणि ट्रकवाल्यांचे खिसे खराब व्हायचे. मग कुणीतरी आप्पांना सांगितलं की सोलापुरात प्लास्टिकच्या नळीची गुंडाळी मिळते, हवी तेवढी कापावी आणि दोन्ही तोंडं चिकटवावीत. घरात प्लास्टिक आलं तेव्हा ते कुणाला कचरा वाटलं नव्हतं. अव्वानं पहिल्या गुंडाळीला विभूतीची तीन बोटं ओढली होती, एवढं मला चांगलं आठवतं. चिकटवायचं मशीन आमच्याकडं नव्हतं. एक मेणबत्ती आणि लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं, एवढंच आमचं यंत्र. पिशवीचं तोंड पात्यावर दुमडायचं, कड केसभर बाहेर ठेवायची आणि ज्योतीवरून एका दमात ओढायची. थांबलात तर भोक पडतं, घाई केली तर तोंड उघडं राहतं. गंगाआत्याची ओळ पट्टीनं आखल्यासारखी सरळ यायची. मी डावरी. जेवताना अव्वानं मला मारून मुटकून उजव्या हातावर आणलं, पण पात्याच्या बाबतीत तिनं नाद सोडला होता. माझी ओळ तिरकी जायची आणि शेवटाला काजळीचा एक काळा ठिपका राहायचा. आप्पा पुडा हातात घेऊन नुसतं अंगठ्यानं चाचपायचे आणि सांगायचे, हा सुशीचा.

गंगाआत्या आप्पांची धाकटी बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती आमच्याकडं आली. मूलबाळ नव्हतं. सासरहून निघताना तिनं भांडी मागितली नाहीत, दागिना मागितला नाही, एक कालवड तेवढी मागितली, जिला तिनं स्वतः बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. देवणी जातीची, पांढरी, कानांपाशी काळे ठिपके असलेली ती कालवड म्हणजे हौशी. आत्या पुढं आणि हौशी मागं अशा त्या दोघी आमच्या दारात आल्या होत्या, असं अव्वा सांगायची. घरात आत्याला कुणी कधी वाकडं बोललं नाही, पण ती स्वतःच अंग चोरून वावरायची. सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, ताट कधी पूर्ण भरून घ्यायची नाही, आणि हसली तरी ओठ मिटून. फक्त हौशीपाशी ती मोठ्यानं बोलायची, तेही कानडीत. 'बारव्वा, बा' म्हटलं की हौशी मागच्या दारातून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची, डोकं आत घालायची आणि शेंगदाण्याच्या फोलपटांची वाट बघत उभी राहायची.

ही फोलपटं म्हणजे तिचा रोजचा खाऊ. शेंगदाणे भाजून चोळले की सूपभर लाल फोलपटं निघत. अव्वा त्यात चिमूटभर मीठ घालून तिच्यापुढं ठेवायची. शेंगदाण्याचा वास आला की ते खायचं असतं, हे त्या जनावराला आम्हीच लहानपणापासून शिकवलं. पुडे चिकटवून झाल्यावर मी हात पुढं केले की ती माझे तळवे चाटून स्वच्छ करायची, आणि तिची खरखरीत जीभ तळव्याला लागली की मला गुदगुल्या व्हायच्या. आम्हाला त्याचं फार कौतुक वाटायचं. आल्यागेल्याला बोलावून आम्ही ते दाखवत असू.

आता माझ्या अपराधाकडं येते. पुडे करताना चुकलेली ओळ कापून काढली की पट्ट्या निघत, भोक पडलेल्या पिशव्या निघत, एखादी चटणी भरल्यावर उसवे, तिची चटणी काढून घ्यायची आणि पिशवी टाकायची. अव्वाचा नियम असा की हा सगळा केर एका डब्यात गोळा करायचा आणि नाल्यापलीकडच्या खड्ड्यात नेऊन टाकायचा. बंबात जाळायचा नाही, कारण त्या धुरानं एकदा सगळ्यांचे डोळे सुजले होते. खड्ड्यापर्यंत नेण्याचं काम माझं. नाल्यापलीकडं जायचं म्हणजे मोकाट कुत्री, बाभळीचे काटे, आणि शाळेतल्या मुलींनी बघितलं तर हातात केराचा डबा. पहिले काही दिवस मी गेले. मग एकदा गोठ्यापाशीच थांबले. हौशीची गव्हाण आणि मागची भिंत यांच्यामध्ये हातभर फट होती, तिथं कडब्याची चिपाडं पडलेली असत. मी डबा तिथं रिकामा केला, वर चिपाडं लोटली आणि हात झटकून घरात आले. दुसऱ्या दिवशी बघितलं तर फट जवळजवळ मोकळी होती. मला वाटलं वाऱ्यानं गेलं. खरं सांगायचं तर मला काही वाटलंच नाही, मी फक्त खूश झाले. त्यानंतर वर्षभर मी नाल्याकडं फिरकले नाही.

आज माझ्या घरात नातीनं पाळलेली मांजर आहे. दुधाच्या पिशवीचा कोपरा मी कधी पूर्ण कापून वेगळा करत नाही, नुसती चीर देते आणि कोपरा पिशवीलाच लटकू देते, कारण सुटलेला तेवढासा तुकडा मांजराला खेळायला मिळतो आणि खेळता खेळता पोटात जातो. रबर, सुतळी, उदबत्तीच्या पुड्याचा चकचकीत कागद, सगळं झाकणाच्या डब्यात. प्लास्टिकची बरणी टाकायची तर आधी धुवायची, मग चेपून झाकण लावायची, नाहीतर गल्लीतलं एखादं कुत्रं वासासाठी तोंड घालतं आणि डोकं अडकवून घेतं. उरलेली भाजी-पोळी पिशवीत गाठ मारून तर मी कुणाला टाकूच देत नाही. अन्न उघडं पाटीत, पिशवी वेगळी. सून म्हणते, 'आई कचऱ्यालासुद्धा आंघोळ घालतात.' घालते खरी. पण ती का घालते हे मी तिला आजवर नीट सांगितलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हौशीला दोनदा वळूकडं नेऊन फळवून आणलं होतं आणि दोन्ही वेळा ती उलटली होती, गाभ राहिलाच नव्हता. तिसऱ्या वेळेला मात्र ती परत माजावर आली नाही. एक महिना गेला, दोन गेले, आणि आत्यानं एक दिवस चुलीपाशी बसून अव्वाला हळूच सांगितलं की हौशी गाभण आहे. अव्वानं तिला गुळाचा खडा दिला. बघता बघता गल्लीभर झालं. आमच्या शेजारच्या निलव्वा, अंगानं दांडग्या आणि मनानं त्याहून मोठ्या, त्या तर रोज यायला लागल्या. खरवसाचा पहिला वाटा आपला, असं त्यांनी बजावूनच ठेवलं. आजवर आत्याला गल्लीत कुणी मुद्दाम हाक मारत नसे. आता बायका तिला थांबवून विचारायच्या, कितवा लागला? सोमवारी, अमावस्येला कुणी ना कुणी हौशीसाठी पोळी घेऊन यायचं. आत्या घरात नसली तर पोळी धूळमाती लागू नये म्हणून पिशवीत घालून, वर पक्की गाठ मारून, गोठ्याच्या खांबाला अडकवून जायचं. आत्यानं गोठा सारवला, हौशीच्या गळ्यात नवी घंटा बांधली. अव्वा तिला हाताला धरून आमच्याबरोबर जेवायला बसवू लागली. हौशी व्याली की घरचं दूध होणार, तेही आत्याच्या गायीचं, हे अव्वा दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवायची. आणि आत्या हसायला लागली. ओठ उघडून, आवाज करून. मी तेरा वर्षांची होते, आणि माझ्या आत्याला वरच्या ओळीत एक दात आडवा आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

हौशीचं पोट वाढत होतं, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. पाचव्या महिन्यात तिनं कडबा कमी केला. अव्वा म्हणाली, डोहाळे. मग पेंड हुंगून सोडायला लागली. निलव्वा म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, नखरे करणारच. त्यांच्या सुनेला म्हणे सातव्या महिन्यापर्यंत भाताचा वास सहन होत नव्हता. मग तऱ्हेतऱ्हेचं करून घालणं सुरू झालं, कधी गूळ घातलेली कणी, कधी ओला घास, कधी ताकातली आंबील. ती थोडं खायची आणि मान फिरवायची. शेण कमी झालं, तेही घट्ट. रवंथ तर ती क्वचितच करताना दिसे. आम्ही माणसांच्या बाळंतपणातलं सगळं शहाणपण त्या गायीवर ओतलं. गायीचं काय असतं ते ज्यांना ठाऊक होतं, तेही या कौतुकात सामील होते. मी गव्हाणीमागं पट्ट्या टाकत होते आणि वासराचं नाव काय ठेवायचं ते शोधत होते.

सातवा लागला आणि एका सकाळी हौशी उठली नाही. मान लांब करून पडली होती, श्वास तोकडा आणि डोळे पांढरे. पोटाची डावी बाजू एवढी ताणली होती की वरची कातडी चकाकत होती. आप्पांनी ओवा आणि हिंग गोड्या तेलात कालवून नळीनं पाजलं, अर्धं बाहेर आलं. आत्या तिच्या डोक्यापाशी बसून 'बारव्वा, ए बारव्वा' म्हणत होती, जणू ती कुठं लांब गेली आहे. आप्पांनी सायकल काढली आणि तासाभरात गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर तरुण होते, बोलणं कमी. त्यांनी डाव्या कुशीवर मूठ दाबली, खळगा पडला तो तसाच राहिला. मग हातात लांब मोजा चढवून त्यांनी आतून तपासलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. हात धुताना त्यांनी विचारलं, कितवा महिना सांगितलात? आत्या म्हणाली, सातवा. त्यांनी हात पुसले आणि तिच्याकडं वळले.

"मावशी, गाभण जनावराचं पोट उजवीकडं सुटतं. हिचं डावीकडं आलंय. ही गाभण नाही. हिच्या पोटात काहीतरी साठलंय, आणि ते काढलं नाही तर उद्यापर्यंत राहणार नाही. काढलं तरी वाचेलच असं मी सांगत नाही. पोट फाडावं लागेल."

आत्यानं कुणाकडं बघितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "फाडा."

हौशीला चौघांनी मिळून उभं केलं आणि परसातल्या शेवग्याला बांधलं. डॉक्टरांनी डाव्या कुशीवरचे केस काढले, सुया टोचून जागा बधिर केली. मला लाल औषधाच्या पाण्याची बादली धरून उभं केलं होतं. मी जाते असं म्हणू शकले असते, पण मी थांबले. कातडी कापली, मग आतली पोटाची पिशवी कापली, आणि असा वास आला की निलव्वा तोंडाला पदर लावून मागं सरकल्या. डॉक्टरांनी दंडापर्यंत हात आत घातला आणि ओढायला सुरुवात केली. जे बाहेर आलं ते आधी कुणाला ओळखू आलं नाही. पिळून पिळून दोरखंड झालेलं, हिरवट काळं काहीतरी. ते संपेचना. हात आत जायचा आणि गठ्ठा बाहेर यायचा. सुतळी निघाली, कुणाच्या तरी साडीची किनार निघाली. एक पिशवी निघाली जिची गाठ जशीच्या तशी होती. डॉक्टरांनी ती दाबली तर आत काळी पडलेली पुरणपोळी. गाठीमुळं पोळी तिच्या अंगी लागलीच नव्हती. निलव्वा ती पिशवी बघत राहिल्या. त्या दिवशी त्या खरवसाचं काही बोलल्या नाहीत, आणि पुढं कधीच बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी बादलीत हात बुडवून झटकला तेव्हा एक पट्टी पाण्यावर राहिली. लाल पाण्यात ती धुतली गेली आणि स्वच्छ झाली. तिरकी ओळ, आणि शेवटाला काजळीचा काळा ठिपका. मग मला ढिगात सगळीकडं तेच दिसायला लागलं. गायीच्या पोटात महिनोन्महिने राहून, रगडून, भिजून त्या पट्ट्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. माझा हात मला माझ्या वहीत ओळखू यावा तितका ढळढळीत तिथं ओळखू येत होता. समोर आत्या हौशीची शिंगं धरून उभी होती. आप्पांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि मला घरात जायला सांगितलं. मी गेले नाही, गोठ्याच्या खांबाला टेकून उभी राहिले. लाज वाटली म्हणणं फार सौम्य होईल. आपण वाईट माणूस आहोत असं मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि ते वाटणं पुढं कितीतरी दिवस पुसलं गेलं नाही.

शिवून झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की आता तीन-चार दिवस बघायचं. ती रवंथ करायला लागली तर जगली. नाही केलं तर काही सांगता येत नाही.  खलबत्ता तसाच उपडा पडला होता. आप्पा ढाब्यांवर जाऊन सांगून आले की चार दिवस माल नाही. सगळे जाता-येता हौशीच्या जबड्याकडं बघायचे. तो स्थिर असायचा. ती उभी होती, पाणी पीत होती, पण तोंड बंद. आत्या दिवसभर तिच्यापाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं टाक्यांवरच्या माश्या हाकत बसलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसले.  मग खाली बघत बोलले, "आत्या, त्या पट्ट्या माझ्या हैत. म्या खड्ड्याकडं न्हेल्याच न्हाईत. गव्हाणीमागं कोंबत हुते."

ती माश्या हाकत राहिली. म्हणाली, "ठावं हाय. तुझा हात मला कळंना व्हय?"

मला वाटलं आता ती मारेल, आणि तिनं मारावं असं मनापासून वाटलं. तिनं मारलं नाही. माश्या हाकता हाकता ती बोलायला लागली, माझ्याशी कमी आणि हौशीशी जास्त.

"तुला दिसत न्हवतं म्हून टाकलंस. मला दिसत हुतं, सुशे. सहाव्या म्हैन्यात म्या कुशीला हात लावून बसले. येकदा न्हाय, रोज. आत कायच हालत न्हवतं. पोट कुठल्या अंगाला सुटलंय तेबी दिसत हुतं. शेतकऱ्याच्या घरची पोर म्या, मला कळंना व्हय? पर निलव्वा यायच्या, वैनी हाताला धरून जेवाया बसवायच्या. म्हणलं, आजून आठ दिस. मग म्हणलं, आजून आठ दिस."

मी तिच्याकडं बघितलं. ती रडत नव्हती. मी तिच्या हातातला लुगड्याचा तुकडा घेतला आणि माश्या हाकायला लागले. ती तिथंच भिंतीला टेकून झोपली. आदल्या रात्री ती झोपलेली नव्हती.

त्या दुपारबद्दल मी पुढं खूप विचार केला. माझी चूक लगेच समजण्यासारखी होती, आळशी पोरीची चूक, तिला शिक्षाही ठरलेली असते. आत्याची चूक समजायला मला स्वतःच्या संसाराची बरीच वर्षं जावी लागली. माणसाला एकदा पंगतीत जागा मिळाली की ती सोडवत नाही. मग समोर काय दिसतंय ते दिसूनही तो आठ दिवस मागून घेतो. मी नोकरीत, घरात, दवाखान्यातसुद्धा असे आठ दिवस मागून घेतले आहेत, आणि प्रत्येक वेळी ते दुसऱ्याच्या जिवावर होते.

चौथ्या दिवशी सकाळी आत्या स्वयंपाकघरात आली, काही न बोलता तिनं अव्वाचं मनगट धरलं आणि तिला परसात नेलं. मागोमाग आम्ही. हौशी शेवग्याखाली बसली होती आणि तिचा खालचा जबडा सावकाश, आडवा हलत होता. मान जराशी ताणायची, काहीतरी वर यायचं, पुन्हा जबडा फिरायचा. एवढ्या साध्या गोष्टीकडं पाच माणसं श्वास रोखून बघत होती, कारण निलव्वाही कुंपणाशी येऊन थांबल्या होत्या. अव्वानं हात जोडले. हौशी त्यानंतर नऊ वर्षं जगली. वासरू तिला कधी झालं नाही आणि आम्हीही पुन्हा तिला कुठं नेलं नाही. आप्पांनी त्याच आठवड्यात गव्हाणीमागची फट दगड-मातीनं बुजवली आणि केराच्या डब्याला कडी-कोयंडा बसवला. खड्ड्याकडं जायचं काम मी लग्न होऊन जाईपर्यंत केलं, आणि एक दिवसही चुकवलं नाही.

हौशी रवंथ करायला लागली त्या दिवशी दुपारी अव्वानं हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर केली, सणाला करतात तशी, वर तुपाची धार. आम्ही जेवायला बसलो. आत्याचं ताट अव्वानं आप्पांच्या समोर मांडलं होतं. आत्या बसली, पण ताटाला हात लावेना. आप्पांनी विचारलं, का गं. तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, ती गाभण न्हाय हे मला म्हैनाभर आधीच ठावं हुतं. म्या सांगितलं न्हाय. तिचा जीव गेला असता तर माझ्यामुळं गेला असता."

मला तिच्या आधी बोलायचं होतं, पण ती बोलून मोकळी झाली होती. आप्पांनी मान वर केली नाही. ताटातली हुग्गी त्यांनी एकदा कालवली, दोनदा कालवली.

"मलाबी दिसत हुतं, गंगे," ते म्हणाले. "जल्म गुरांत गेला माझा. पर तू लई वर्सांनी हसत हुतीस. म्हून गप बसलो."

अव्वाच्या हातातला पळा तसाच राहिला. तिनं आमच्यापैकी कुणाकडंच बघितलं नाही, आणि त्यावरून मला कळलं की तिलाही दिसत होतं.  मग अव्वानं आत्याच्या ताटात आणखी एक पळा वाढला आणि आत्या जेवायला लागली.

एकमेकांचं मन जपण्यात आमच्या घरातलं कुणी कमी पडलं नव्हतं. मी लाजेपोटी गप्प, आत्या भीतीपोटी, आप्पा मायेपोटी, आणि अव्वा आम्हा सगळ्यांसाठी. आणि तेवढे दिवस मागच्या दारात एक मुकं जनावर रोज थोडं थोडं खाणं सोडत होतं, आणि आम्ही चौघं त्याला डोहाळे म्हणत होतो.